शिक्षणाचा खर्च मुलीकडे

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती राहीबाई ज्ञानू शेवाळे, वय वर्षे साठ, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे भवानीवाडी, तालुका वाळवा, जिल्हा सांगली.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाने अथवा लालचीने नव्हे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी तब्येत बरी आहे, डोळे चष्म्यासह शाबूत आहेत आणि डोके ठिकाणावर असल्याचा इस्लामपूरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला जोडण्याचे कारण असे की, हा कागद उघडल्याबरोबर माझा मुलगा 'म्हातारीला चळ लागला होता' असे म्हणणार. त्याला मी बेचाळीस वर्षे ओळखते. वकिलांनी मला बजावले की, बाई, कागदात फक्त मिळकत आणि वारस घाला, मनातले काही घालू नका. मी त्यांना होय म्हटले आणि घरी येऊन माझ्या पद्धतीने लिहायला बसले. कोणाला काय दिले एवढेच लिहिले तर वारस भांडतात. का दिले ते लिहिले तरीही भांडतात, पण मग त्यांना खोटे बोलायला थोडी अडचण पडते.

कलम १. माझे माहेर पाटणचे. लग्नाआधी मी चौथी पास झाले होते. माझे पती ज्ञानू शेवाळे पलटणीत होते. सन १९४४ साली इटलीत कामी आले. मुलगा लालासाहेब तेव्हा बारा वर्षांचा होता. पेन्शन सुरू झाल्यावर भावकीतल्या किती जणांना एकाएकी माझा कळवळा आला ते येथे लिहीत नाही, कारण त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. मी पुन्हा पुस्तके काढली. बत्तिसाव्या वर्षी, माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसून सातवीच्या फायनलची परीक्षा दिली आणि पास झाले. पुढे पंचवीस वर्षे या तालुक्यातल्या शाळांत शिकवले. गाव मला बाई म्हणते. त्या हाकेत मान असतो असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. पुढे समजले की मान असतो, पण बैठकीत बसू देण्याइतका नसतो.

कलम २. लालासाहेब यांस मी काय दिले व काय देणे बाकी नाही, हे आधी स्पष्ट करते. तो मॅट्रिक झाल्यावर १९५० साली मी त्याला साताऱ्याला बोर्डिंगात ठेवले. त्या काळी आमच्याकडे कॉलेज परवडायची रीत निराळी होती. घरून ज्वारीचे पोते आणि डाळीची पिशवी न्यायची, मुलांनी पाळीपाळीने हाताने भाकरी थापायच्या, आणि तास सुटल्यावर बोर्डिंगाच्या शेतात कुदळ मारून फी फेडायची. गरिबांची मुले अशी शिकली आणि मामलेदार झाली. लालासाहेब दिवाळीच्या आधीच पोते अर्धे टाकून परत आला. हाताला फोड आले होते.

"आये, तितं शिकवत न्हाईत, राबवून घेत्यात," असे त्याचे म्हणणे होते.

मी म्हटले, मग घरच्या शेतात राब. त्याने तेही गड्यांवर सोपवले. पण ऊस त्याने चांगला केला, हे मी कबूल करते. कारखाना निघाला, उसाला भाव आला, दारात फटफटी आली. शिक्षण सगळ्यांनाच मानवत नाही आणि त्याबद्दल माझा त्याच्यावर राग नाही. राग पुढचा आहे.

कलम ३. माझी मिळकत येणेप्रमाणे :

(अ) गावठाणातले राहते तीन खणी घर, परसासह.

(ब) पाटाकडेची दोन एकर जमीन, जी मी १९५८ साली माझ्या पगारातून खरेदी केली.

(क) विहिरीवरची तीन एकर बागायत, जी मूळ माझ्या पतीची व त्यांच्यामागे लालासाहेबाची होती, आणि जी आज माझी एकटीची आहे.

(क) मिळकत माझी कशी झाली हे जरूर लिहिले पाहिजे, कारण लालासाहेब ती आपली समजतो. माझा नातू, म्हणजे लालासाहेबाचा थोरला मुलगा जयवंत, यास १९६८ साली सांगलीस इंजिनिअरिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सरकारने गरिबांच्या मुलांना फी माफ केली आहे. बापाचे वर्षाचे उत्पन्न बाराशेच्या आत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या दारात फटफटी, विहिरीवर इंजिन, आणि लालासाहेब म्हणू लागला की आपण गरीब आहोत. आमच्या भागात तो एकटाच असा नाही. ज्यांच्या उसाच्या गाड्या कारखान्याच्या फाटकावर रांगेत उभ्या असतात, ते जून उजाडला की चावडीपुढे टोपी हातात घेऊन गरीब म्हणून उभे राहतात, आणि खरा गरीब त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांच्याकडे पाहत असतो. मी वर्गात अंकगणित शिकवले. हे गणित मला कोणी शिकवले नव्हते.

त्या वर्षी गावातल्या कोणीतरी अशा खोट्या दाखल्यांविरुद्ध वर अर्ज केला होता, म्हणून नुसत्या तोंडी कामावर भागेना. तेव्हा लालासाहेबाने पक्का कागद करायचे ठरवले. विहिरीवरच्या तीन एकरांवरचा आपला सगळा हक्क सोडून तो आईच्या नावे करून देत असल्याचे हक्कसोडपत्र त्याने कचेरीत जाऊन रजिस्टर केले. बाप भूमिहीन झाला, मुलाची फी माफ झाली. मला अंगठा उठवणारी बाई समजून तो म्हणाला,

"आये, ह्ये फकस्त कागदापुरतं हाय बरं का."

मी म्हटले, बरे. मी कागद वाचून घेतला आणि ट्रंकेत ठेवला.

कलम ४. आता जयवंताविषयी. फी माफ झाली तरी कॉलेज फुकट होत नाही. खोलीचे भाडे, मेसचे बिल, ड्रॉईंगचा बोर्ड, कंपासपेट्या, जाडजूड इंग्रजी पुस्तके, आणि शिवाय टेरिलीनची पँट, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुती पँट घालून यंत्रे समजत नाहीत. दरसाल सगळेच महाग होत गेले. लालासाहेबाने एक वर्ष खर्च केला आणि दुसऱ्या वर्षी बैठक बोलावली.

ही बैठक म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिते. मुलगा कॉलेजात असतानाच त्याची सोयरीक करायची. तोंडाने हुंडा नको म्हणायचे. साखरपुड्यापासून तो पास होईपर्यंतचा सगळा खर्च मुलीच्या बापाने करायचा, आणि नोकरी लागल्यावर लग्न लावायचे. आमच्याकडे साखर कारखान्याचे सभासद, सोसायटीचे चेअरमन, शाळेचे हेडमास्तरसुद्धा ही गोष्ट मान वर करून सांगतात. मी बाजारात म्हैस घेताना पाहिली आहे. तिथे निदान गिऱ्हाईक दुधाची धार काढून पाहते.

मुलगी तासगावच्या हरिबा चव्हाण यांची, नाव मनू. हरिबांची चार बिघे द्राक्षाची बाग. मध्यस्थ आमच्याच भावकीतले आप्पासो. आप्पासोंनी सुपारी कातरत सांगितले,

"हुंड्याचं नाव काढायचं न्हाई पाव्हणं. पोरगं इंजेर हुणार हाय. फकस्त शिक्षणाचा खर्च मुलीकडं."

हरिबांनी मान डोलावली. मी आतून उंबऱ्याशी येऊन विचारले की, मुलीचे शिक्षण किती झाले आहे. हरिबांचा चेहरा एकदम उजळला. "नववीत हाय बाई. वर्गात पैली असती. मास्तर म्हनत्यात, डाक्टर हुईल."

"मग तिच्या शिक्षणाचा खर्च कोणाकडे?" मी विचारले.

बैठक हसली. लालासाहेब म्हणाला, "आये, तू आत बस." आणि मी आत जाऊन बसले. चूल पेटलेली होती, पाहुण्यांसाठी पुरण शिजत होते, आणि मला ते ढवळायचे होते.

त्याच महिन्यात मनूची शाळा बंद झाली. मी हरिबांना तासगावला पत्र लिहिले. ते स्वतःच आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "आवं बाई, दोघांचं मला झेपायचं न्हाई. अन् सोयरीक झाल्याली पोर साळंत धाडली तर लोक काय म्हनतील?" मी पुष्कळ सांगून पाहिले. ते चहा न घेता गेले.

पुढची चार वर्षे हरिबा दर महिन्याला एस्टीने तासगावहून सांगलीला जाऊन पैसे पोचते करत होते. हंगामात बरोबर द्राक्षांची पाटी असे. जयवंत त्यांना हॉस्टेलच्या फाटकावर भेटत असे. पाटी खोलीवर जात असे, हरिबा जात नसत, कारण धोतर-पागोटेवाले हे कोण, असे मित्रांनी विचारले असते. एका वर्षी त्याचे दोन विषय राहिले. पुन्हा परीक्षेची फी हरिबांनीच भरली. हे सगळे मला जयवंतानेच हसत हसत सांगितले आहे, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी जयवंत पास झाला. पुण्याकडे एका मोठ्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. दिवाळीला घरी आला, चकली खात ओसरीवर बसला आणि मला म्हणाला, "आजी, ते तासगावचं काही जमणार नाही. मुलगी नववीसुद्धा पूर्ण नाही. माझ्याबरोबरच्या लोकांत ती कशी वावरणार?"

मी त्याला विचारले, "ती नववीत का थांबली, तुला ठाऊक आहे?"

तो म्हणाला, "ते मला कसं माहीत असणार?"

त्याच्या हातात हरिबांनी साखरपुड्यात घातलेले घड्याळ होते. त्यात त्याने वेळ पाहिली आणि सिनेमाला जायचे आहे म्हणून उठला. मी चाळीस चाळीस पोरांची शेंबडी नाके पुसली आहेत, वर्गात ओकलेले साफ केले आहे. मला एवढी शिसारी कधी आली नव्हती.

लालासाहेबाला मी म्हटले, पोराला वळण लाव. तो म्हणाला, "काळ बदललाय आये. शिकल्याल्या पोराला शिकल्याली पोरगीच पायजे." पुण्यातल्या एका ठेकेदाराची मुलगी त्यांनी आधीच पाहून ठेवली होती. ती पाचगणीच्या बोर्डिंगात इंग्रजीतून शिकली आहे. तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. तिच्या बापाने तिला शिकवले, ते बरेच केले. हरिबांकडे निरोप आप्पासोंच्या हाती गेला. हरिबांनी कोर्ट केले नाही, पंच बोलावले नाहीत. मुलीचे नाव चारचौघांत नको, एवढेच ते म्हणाले. आमच्याकडचे लोक हरिबांच्या या समजूतदारपणाची तारीफ करतात आणि मग जेवायला बसतात.

कलम ५. आता ज्या कारणाने मी हे मृत्युपत्र आजच करते आहे ते.

माझी नात शालन, लालासाहेबाची धाकटी, यंदा मॅट्रिक झाली. तिला शेकडा एकाहत्तर गुण पडले. पेपर घेऊन ती धावत आली तेव्हा लालासाहेब व आप्पासो ओसरीवर बसले होते. लालासाहेबाने पेढे वाटले. पेढे कशाचे ते मला दुसऱ्या दिवशी समजले. मिरजेला डॉक्टरी शिकत असलेल्या एका मुलाची सोयरीक आप्पासोंनी आणली होती. मॅट्रिक पास मुलगी हवी अशी त्यांची अट होती, ती पुरी झाली. मुलाची तीन वर्षे बाकी आहेत. हुंडा नको. शिक्षणाचा खर्च मुलीकडे.

एवढा खर्च आणायचा कुठून, तर पाटाकडेचे दोन एकर विकून. लालासाहेब कागद घेऊन माझ्यापुढे बसला.

"आये, हितं एक सही कर."

"शालनला कॉलेजात जायचं आहे," मी म्हटले. "तिनं मला सांगितलं. तुलाही सांगितलं असेल."

"पोरीला शिकवून पुन्ना डाक्टरचा खर्च बी द्यायचा? एक कायतरी व्हईल."

"मग पोरीला शिकव."

"अन् मग तिला डाक्टर फुकट कोन दील?"

मी सही केली नाही. विचार करते म्हटले आणि कागद ठेवून घेतला. शालन परसात कपडे वाळत घालत होती. तिची आई सुलाबाई चुलीशी होती. ही माझी सून या घरात आल्यापासून माझ्यासमोर मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशी भाकरी तव्यावर टाकून, पाठमोरीच म्हणाली, "आत्याबाई, सही करू नगासा."

त्यानंतर मी बसून नीट विचार केला. हरिबाने आमच्या मुलाला शिकवले. लालासाहेब मिरजवाल्याच्या मुलाला शिकवणार. त्या मिरजवाल्याला दोन मुली आहेत म्हणतात, म्हणजे तो उद्या तिसऱ्याच्या मुलांना शिकवील. प्रत्येक बाप दुसऱ्याच्या मुलाची मेस भरतो आणि आपल्या मुलाची तिसऱ्याकडून भरून घेतो. ज्याने त्याने आपापल्या मुलाचे भरले असते तर पैसा तेवढाच लागला असता. फक्त मग मधल्या मुली घरी बसवायचे कारण उरले नसते. इतकी साधी गोष्ट आमच्या भागातल्या एवढ्या शहाण्या माणसांना समजत नाही असे मला वाटत नाही. ती त्यांना समजते आणि चालते. मला या माणसांची किळस येते, आणि त्यांतला एक मी जन्माला घातला आहे.

कलम ६. म्हणून मी माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावते.

पाटाकडेचे दोन एकर माझ्या पश्चात शालन हिचे एकटीचे. ती शिकली वा न शिकली, लग्न केले वा न केले, तरी तिचेच. तिच्या बापाने, भावाने, नवऱ्याने अथवा सासऱ्याने त्यावर हक्क सांगू नये.

विहिरीवरची तीन एकर जमीन माझ्या पश्चात लालासाहेबास परत मिळेल, पण शालनने कॉलेजची पदवी घेतल्यावरच. तोवर तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च, फी, खोली, मेस व पुस्तके, लालासाहेबाने करावा. ती एखाद्या विषयात नापास झाली तर पुन्हा बसवावे; तिच्या भावाला बसवले होते. कोणत्याही मुलाच्या शिक्षणाचा खर्च देऊन तिची सोयरीक केल्यास, मग ती मी जिवंत असताना केलेली असो वा नंतर, ही तीन एकर जमीन सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहाकडे जावी. वकील म्हणाले, बाई, मुलाला अशी अट घालणे बरे दिसत नाही. मी म्हटले, जमीन त्याने मला कागदापुरती दिली होती. मीही त्याला कागदापुरतीच परत देते आहे, फक्त कागद पदवीचा हवा.

राहत्या घरात सुलाबाई हिला तहहयात राहण्याचा हक्क राहील. तिच्यामागे घर शालनचे. घरातली भांडी, दुभती म्हैस व माझी शिलाईची मशीन सुलाबाईची. माझ्या पाटल्या मोडून त्यातून माझे दिवसकार्य करावे आणि उरेल ते सुलाबाईने ठेवावे, कोणाला सांगू नये.

जयवंत यास मी काही देत नाही. त्याच्या हातातले घड्याळ त्याचे नाही, ते त्याने हरिबांस परत करावे. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये. त्या दिवशी त्याला पुण्याहून रजाही मिळणार नाही, असे मी गृहीत धरते.

आप्पासो यांनी माझ्या दहाव्याला येऊन दोन शब्द बोलू नयेत. कोणीतरी तेवढा वेळ त्यांना चहा पाजावा.

कलम ७. हा मसुदा मी गेल्या बुधवारी लालासाहेबास समोर बसवून वाचून दाखवला. मृत्युपत्र आधी वाचून दाखवू नये असा रिवाज आहे. पण मी मेल्यावर शालनच्या कॉलेजचा फॉर्म कोणी भरणार नाही, म्हणून मी रिवाज मोडला. त्याने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाला, "म्हंजी माझीच जमीन मी पोरीच्या कालेजातनं सोडवून घ्यायची?"

मी म्हटले, होय.

"अन् तू अजून धा-पंधरा वर्सं जगशील की."

मी म्हटले, तसा प्रयत्न करीन.

तिसऱ्या दिवशी त्याने मिरजवाल्यांचा नारळ परत पाठवला आणि शालनला फटफटीवर मागे बसवून सांगलीला नेले. सायन्सला प्रवेश झाला आहे. फी माफीचा अर्ज त्याने घरी आणला तेव्हा मी तो फाडला. या वेळी त्याचे उत्पन्न कागदावर खरोखरच बाराशेच्या आत आहे, हे मला माहीत आहे. तरीही पुरी फी भरायची. पोरीला खोली मिळेपर्यंत मी तिच्याबरोबर सांगलीला राहीन आणि भाकरी करून घालीन. माझ्या हाताला फोड येत नाहीत.

कलम ८. राहिली मनू.

मेच्या शेवटी मी तासगावला गेले होते. हरिबांनी आमच्या मुलावर जो खर्च केला तो माझ्या शिलकीतून आणि पेन्शनीतून फेडायचा असे मी ठरवले होते. हरिबा बेदाण्याच्या शेडात होते. माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमी आलासा, लय झालं. पर ह्यो पैसा मी घेनार न्हाई. घेतला तर पोरीची किंमत घेतल्यावानी हुईल." मी हात जोडले तरी ऐकेनात.

मनू तिथेच खाली बसून बेदाणे निवडत होती. आता वीस वर्षांची आहे. बापाचे बोलणे होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली,

"आजी, मला कायबी देऊ नगासा. एक काम करशीला?"

मी म्हटले, सांग.

"हितं लोक म्हनत्यात, माझ्यात खोट हुती म्हनून त्यांनी मोडलं. कोन म्हनतं पोरगी मंद हाय, कोन म्हनतं आनि काय काय. आई आता देवळात बी जात न्हाई. तुमी ह्ये कुटंतरी सरकारी कागदावर लिवा, माझी साळा का बंद झाली त्ये. आनि कोनी बंद केली."

एवढे बोलून ती पुन्हा बेदाणे निवडू लागली. मी पंचवीस वर्षे मुलांना निबंध लिहायला शिकवले. हा विषय मला मनूने दिला. घरी येऊन हे लिहिते.

म्हणून, रजिस्टर होणाऱ्या या कागदात मी, राहीबाई ज्ञानू शेवाळे, सत्य म्हणून लिहून ठेवते की : तासगावच्या हरिबा चव्हाण यांची कन्या मनू ही सन १९६९ साली इयत्ता नववीत असताना वर्गात पहिली होती. तिच्यात कसलीही खोट नव्हती व नाही. माझ्या नातवाच्या कॉलेजचा खर्च तिच्या वडिलांवर टाकण्यात आला, म्हणून तिची शाळा बंद झाली. तो खर्च माझ्या घराने मागितला, माझ्या घराने खाल्ला, आणि त्यानंतर मुलगी शिकलेली नाही असे कारण सांगून माझ्या घराने सोयरीक मोडली. ज्या कोणाला याबद्दल शंका असेल त्याने या कागदाची नक्कल कचेरीतून फी भरून घ्यावी आणि तासगावात हवी तिथे वाचावी.

या मृत्युपत्राने मनूस काहीही मिळत नाही. तिने ते घेण्यास नकार दिला आहे. वकिलांनी मला सांगितले होते की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. तेव्हा साक्षीदार म्हणून कोणाला बोलवायचे याचा मला फार विचार करावा लागला नाही. मी हरिबांना विचारले, त्यांनी मनूला विचारले, आणि आज बाप-लेक पहिल्या एस्टीने इस्लामपूरला आले आहेत.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी साक्षीदार क्रमांक एक यांनी करावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे बदलण्याइतके माझे मन बदलेल असे मला वाटत नाही. वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, शुद्धलेखन तपासले आणि साक्षीदारांच्या देखत खाली सही केली.

स्थळ : इस्लामपूर
दिनांक : १७ जून १९७४, सोमवार

सही : राहीबाई ज्ञानू शेवाळे

साक्षीदार :

१. तात्याबा दादू कुंभार, वय ६४, निवृत्त पोस्टमन, राहणार भवानीवाडी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई शुद्धीवर आहेत व रागात आहेत, दोन्ही मी पाहिले.
सही : ता. दा. कुंभार

२. मनू हरिबा चव्हाण, वय २०, राहणार तासगाव. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हा सगळा कागद मी स्वतः वाचला. कुणी वाचून दाखवला नाही.
सही : मनू हरिबा चव्हाण